मारबतीवर १२०० शब्दांचा लेख: लिहिण्याआधी आराखडा कसा करायचा?

बुधवारीकर: पुरवणीसाठी नागपूरच्या मारबतीवर, म्हणजे रोगराई जावी म्हणून मिरवणुकीने नेऊन जाळतात त्या पुतळ्यावर, १२०० शब्द द्यायचे आहेत. टिपणं काढून झाली, त्यातून २३ मुद्दे निघाले: काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे (चालू प्रश्नांवर टीका करणारे मिरवणुकीतले पुतळे), तान्हा पोळा, रोगराई, बाकाबाई (भोसल्यांची राणी; ती इंग्रजांना मिळाली आणि काळी मारबत तिच्यावरून निघाली असं मानतात), इंग्रज, बरंच काही. सरळ लिहायला बसलं की इतिहासातच ८०० शब्द संपतात. आधी आराखडा करायचा तर नेमका कसा? ‘प्रस्तावना, मुख्य भाग, समारोप’ एवढं माहीत आहे, त्यापुढचं सांगा.

महाल_लेखणी: आधी भागाकार करा. १२०० भागिले २३ म्हणजे मुद्द्याला जेमतेम ५२ शब्द. तेवढ्यात मुद्द्याचं नुसतं नाव घेऊन होतं. परिच्छेद १०० ते १२० शब्दांचा धरला तर जागा १०-१२ परिच्छेदांची आहे. म्हणजे मुद्दे सात-आठच.

कोणते ठेवायचे हे ठरवायला एक पूर्ण वाक्य लिहा, क्रियापदासकट. ‘मारबतीचा इतिहास आणि परंपरा’ हा विषय झाला. ‘रोगराई घालवायला निघालेली मारबत बडग्यांमुळे गावाच्या तक्रारीही वाहून नेते’ हे विधान झालं. आता प्रत्येक मुद्दा या वाक्याशेजारी ठेवा. तो काढला तर वाक्य लंगडतं का? नसेल लंगडत तर मुद्दा वेगळ्या पानावर टाका. फाडू नका, पुढच्या लेखाला होतो.

उरलेल्यांना शब्द वाटून द्या. मिरवणुकीचं दृश्य १५०, ‘इडा पिडा घेऊन जा’ ही हाक आणि तिच्यामागची श्रद्धा २५०, दोन्ही मारबती ३००, बडगे ४००, शेवट १००. सगळ्यात जास्त शब्द बडग्यांना, कारण विधानाचा भार त्यांच्यावर आहे. इतिहासाला आकडा बांधून दिला की तो ८०० पर्यंत पसरत नाही.

प्रत्येक मुद्द्यापुढे पुरावाही लिहा: तारीख, दृश्य किंवा कुणाचं बोलणं. पुढची जागा कोरी राहिली तर तिथे लेखन अडणार हे आजच कळतं.

अंबाझरी_काठ: क्रमासाठी सोपी कसोटी आहे. मुद्दे कागदाच्या तुकड्यांवर लिहून टेबलावर मांडा आणि दोन तुकड्यांमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतो का ते बघा. सगळीकडे ‘तसेच’च बसत असेल तर ती यादी आहे, लेख नाही. ‘काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, पण नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते’ इथे ‘पण’ बसला, वाचक पुढे जातो. तुकडे हलवायला दोन मिनिटं लागतात. लिहून झालेले परिच्छेद हलवले की ‘वर म्हटल्याप्रमाणे’सारखी वाक्यं भलत्याच जागी राहून जातात.

इतवारी७: वरच्या दोघांशी सहमत, पण आराखडा दोन पातळ्यांपेक्षा खोल नेऊ नका. मुद्दा आणि त्याखाली पुरावा, बस. उपमुद्द्याचाही उपमुद्दा काढत गेलं की लेख तिथेच लिहून होतो आणि मसुद्यात नुसती नक्कल उतरते. १२०० शब्दांना एक पान पुरे.

बाकाबाईंचा मुद्दा ठेवलात तर तुकड्यावरच ‘लोकसमज’ असं लिहून ठेवा. ही खूण आराखड्यात नसली की मसुद्याच्या भरात ‘असं मानतात’ गळतं आणि समजुतीचा इतिहास होतो.

बुधवारीकर: २३ चे ८ केले. बाकाबाई दोन ओळींत, लोकसमज म्हणून. तान्हा पोळा काढवत नाही, कारण मिरवणूक त्याच दिवशी असते.

महाल_लेखणी: मग तो मुद्दा नाही, तपशील आहे. पहिल्या दृश्यातच ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला’ एवढं आलं की काम झालं, वेगळा परिच्छेद नको. मसुदा झाल्यावर उलटा आराखडा करा: प्रत्येक परिच्छेदाशेजारी तो काय सांगतो ते पाच-सहा शब्दांत लिहा. दोन परिच्छेदांपुढे तेच शब्द आले तर एक करा. एखाद्यापुढे ‘आणि’ घालून दोन गोष्टी लिहाव्या लागल्या तर तो तोडा.

इतवारी७: आणि शेवटचे १०० शब्द कशावर संपणार ते आजच ठरवा. एखादा बडगा जवळून दाखवून थांबता येईल, त्याच्या गळ्यातल्या पाटीवर काय लिहिलंय इथपर्यंत.