सुरैयाचं आयुष्य कुणी वाया घालवलं? की ते वाया गेलंच नाही?

गोदाकाठ (नांदेड)

३१ जानेवारी जवळ आली की दरवर्षी तीच गोष्ट फिरायला लागते. गाणारी नायिका सुरैया, देव आनंदवरचं प्रेम, त्याची अंगठी, लग्नाला आजीचा विरोध, मग बाई जन्मभर एकटी आणि २००४ मध्ये याच तारखेला गेली. गोष्ट खोटी नाही. पण तिच्यात सुरैया थेट नायिका म्हणूनच उगवते. त्याआधीच्या पोरीबद्दल कुणी बोलत नाही, मला तिच्याबद्दल बोलायचं आहे.

जन्म १५ जून १९२९. मामा जहूर सिनेमात खलनायकाची कामं करायचे. शाळेच्या सुट्टीत ती त्यांच्यासोबत मोहन स्टुडिओत शूटिंग बघायला गेली आणि दिग्दर्शक नानूभाई वकिलांनी तिला १९४१ च्या 'ताजमहल'मध्ये लहानपणीच्या मुमताजचं काम देऊन टाकलं. रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात ती गायचीच. तो आवाज संगीतकार नौशादनं हेरला आणि 'शारदा'त (१९४२) नायिका मेहताबसाठी तिला गायला लावलं. मेहताब चांगली मोठी बाई, आणि तिचा आवाज म्हणून ही पोर. माइकपर्यंत पोचावं म्हणून तिला स्टुलावर उभं केलं होतं म्हणतात. आणि गाण्याचा विषय काय, तर मागं राहिलेलं बालपण! गाणारणीचं वय तेरा.

मग गाणारा नायक सैगल याच्यासोबत 'तदबीर', 'उमर खय्याम', 'परवाना'. फाळणीनंतर नूरजहाँ आणि खुर्शीद या गाणाऱ्या नायिका पाकिस्तानात गेल्या, 'प्यार की जीत', 'बडी बहन', 'दिल्लगी' एकामागं एक चालले आणि विशी गाठेपर्यंत ही मुंबईतल्या सगळ्यात महागड्या नायिकांत जाऊन बसली. मरीन ड्राइव्हला तिच्या घराच्या, कृष्णमहलच्या खाली लोकांची ही गर्दी.

माझं म्हणणं एवढंच: ज्या घराला बारा वर्षांच्या लेकरानं कमवायची सवय लावली, ते घर त्या लेकराला सुखासुखी मोकळं करत नसतं. लग्नाला धर्म आडवा आला, हे सगळे सांगतात. कमाई आडवी आली असेल, हे कुणी तोंडावर आणत नाही.

सिलोनवाले काका (परभणी)

गोदाकाठराव, "असेल"वर तुम्ही अख्खं घर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत. आजी बादशाह बेगमचा विरोध होता, हे देव आनंदनं आत्मचरित्रात लिहिलंय, सुरैयाही बोलली आहे. पण तो पैशासाठी होता, याला आधार काय? त्या काळात मुसलमान घरातली मुलगी हिंदू मुलाला द्यायला किती घरं तयार होती? आजही आपल्या जिल्ह्यात किती आहेत, ते मला सांगा.

आणि दुसरं. 'रुस्तम सोहराब' हा तिचा शेवटचा सिनेमा, १९६३ चा, दिग्दर्शक आपले विश्राम बेडेकर. तेव्हा ती चौतिशीची. त्यानंतर चाळीस वर्षं जगली आणि पडद्यावर परत आली नाही. घरच्यांना पैसाच हवा असता तर चौतिशीत बसू दिलं असतं का तिला? ते थांबणं तिचं स्वतःचं होतं. तुम्ही तिला बिचारी करून तेवढंही तिच्याकडून काढून घेता.

सकाळी साडेसातला रेडिओ सिलोन लावून, आठाच्या ठोक्याआधी सैगल ऐकून मग नोकरीला निघणारी आमची पिढी. सुरैया लागली की आम्हाला कीव नाही यायची, मजा यायची.

बीडचा बिनधास्त

लै मोठं दुःख बगा, मरीन ड्राइव्हला राहायचं! आमच्याकडं दिवाळी झाली की मायबाप ऊस तोडाया कोयत्यावर जातेत, संगं लेकरंबी. दहा वर्षाची पोरगी फडात वाढं गोळा करती, धाकट्याला सांभाळती. तिच्यावर कामून धागा काढत नाही कुणी?

औशाची बाई

बिनधास्त भाऊ, काढा ना धागा, पहिली प्रतिक्रिया माझी. पण एकीचं मोठं दुःख दाखवून दुसरीचं पुसता येत नाही. फडातली पोर आणि स्टुलावरची पोर, दोघींच्या कमाईचा हिशेब मोठ्यांच्याच हातात.

मी शाळेत शिकवते म्हणून सांगते. आता कायदा आहे. बालकामगार कायद्याची २०१६ ची दुरुस्ती आणि २०१७ चे नियम. चौदाच्या आतल्या लेकराला सिनेमात, मालिकेत घ्यायचं तर दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, सलग तीन तासांच्या वर नाही. शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. लागोपाठ २७ दिवसांहून जास्त कामावर ठेवायचं नाही. आणि कमाईतला किमान २० टक्के हिस्सा थेट राष्ट्रीयीकृत बँकेत, मुलाच्या नावानं मुदत ठेवीत. सुरैयाच्या वेळी यातलं काहीही नव्हतं. अमेरिकेत मात्र तेव्हाही होतं. चॅप्लिनच्या 'द किड'मधला जॅकी कूगन मोठा झाला तोवर त्याची कमाई आई आणि सावत्र बापानं संपवलेली. तो १९३८ मध्ये कोर्टात गेला आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात त्याच्या नावानं कायदा झाला. म्हणजे ही गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती, असं म्हणायला जागा नाही.

सिलोनवाले काका (परभणी)

बाई, नियम चांगलेच आहेत. पण उरलेले ८० टक्के कुणाकडे जातात? आईबापांकडेच ना? आणि लेकरानं पाच तासांच्या वर राबू नये, हे तुमच्या लातूरच्या ट्यूशनवाल्यांना कधी सांगणार? सहावीपासून 'नीट'ची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, फाउंडेशन बॅच, पहाटे उठून रात्री अकरापर्यंत. ते पोरगं तर एक रुपया कमवत नाही, उलट बापाचं शेत गहाण पडतं. सुरैयानं निदान नाव केलं, पैसा पाहिला.

औशाची बाई

काका, लातूर पॅटर्नवर माझं तोंड उघडू नका. नोकरी तिथंच आहे.

खुलताबादी

माफ करा, पण तुम्ही सगळे एका गाणारणीबद्दल बोलताय आणि गाण्याचं नाव नाही. घर, आजी, कायदा, लातूर!

सुरैयानं रीतसर तालीम घेतलेली नव्हती. जे होतं ते गळ्यात होतं आणि उर्दूच्या उच्चारात होतं. १९५४ चा 'मिर्झा गालिब' बघा. सोहराब मोदींचा सिनेमा, गुलाम मोहम्मदचं संगीत, त्या वर्षीचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. गालिबचा शेर उच्चारताना शब्दावर जरा थांबून मग पुढं सरकायची तिची जी रीत आहे, ती शिकवून येत नाही. नेहरूंनी तिचं कौतुक केलं ते उगाच नाही. आमच्या घरी तर तो सिनेमा म्हणजे अर्धा मुशायरा होता.

थांबण्याचं कारण आजीतही शोधू नका आणि स्वाभिमानातही. जमाना बदलला. स्वतः गाणारी नायिका ही चीजच संपली. 'बडी बहन'मध्ये सुरैया नायिका, पण गल्लोगल्ली वाजलं ते लताचं आणि प्रेमलताचं गाणं. दिसणारी एक आणि गाणारी दुसरी, हे निर्मात्यांना सोयीचं पडलं. सैगल १९४७ मध्ये गेला आणि ती परंपराच उतरणीला लागली. सुरैया तिच्यातली शेवटची मोठी.

गोदाकाठ (नांदेड)

खुलताबादी साहेब, गाण्याचं मान्य. पण मग पार्श्वगायन करायचं होतं ना! आवाज काय १९६३ मध्ये एका रात्रीत गेला? संगीतकार सज्जाद हुसेननं 'रुस्तम सोहराब'मध्ये तिच्याकडून जे गाऊन घेतलंय ते ऐका, उतरलेला गळा नाहीच तो. शेवटच्या सिनेमात असं गाणारी बाई गाणंसुद्धा का सोडते? माझ्या मते ती कंटाळली होती. बारा-तेराव्या वर्षापासून रोज तेच. आपण चौतिशीला नोकरीत नीट रुळतो, तिची तेव्हा बावीस वर्षांची सर्विस झालेली.

काकांना एक सांगतो. 'विद्या'च्या वेळी, १९४८ मध्ये, देव आनंद नवखा होता आणि ती मोठी स्टार. त्याच्या नवकेतन कंपनीचा पहिला सिनेमा 'अफसर' (१९५०), त्यात नायिका तीच. इतकं वजन असलेल्या बाईला घरातल्या घरात "नाही" म्हणता आलं नाही. हे बळ लहानपणी "हो" म्हणायचीच सवय लागल्यावर कुठून येणार?

सिलोनवाले काका (परभणी)

कंटाळली म्हणता, म्हणजे स्वतः थांबली. मग मी वेगळं काय म्हणत होतो?

गोदाकाठ (नांदेड)

स्वतः थांबली, हे मान्य. पण सुरू तिनं केलं नव्हतं ना, काका.

बीडचा बिनधास्त

त्ये जाऊंद्या. बाई, एक काम हाय. माझ्या भाच्याला मुंबईच्या टीव्हीवाल्यांनी निवडलंय, गाण्याच्या शोला. भजनात लै भारी गातंय पोरगं. दाजी म्हणतो कागदावर सही कर अन् मोकळा हो. काय बघायचं त्यात?

औशाची बाई

किती वर्षांचा आहे?

बीडचा बिनधास्त

बाराचा. सातवीला.

औशाची बाई

मग नियम लागू. परवानगी बीडच्या कलेक्टरची नाही, शूटिंग होईल तिथल्या. ती निर्मात्यानं काढायची असते, तिची प्रत मागून घ्या. मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत खातं आत्ताच उघडा, पैसे दाजीच्या खात्यात आणि मग बँकेत असं नको. शाळेचं काय करणार, ते लेखी घ्या. पोराच्या मर्जीविरुद्ध कामाला लावता येत नाही, हेही नियमातच आहे. त्याला विचारलंय का कुणी?

बीडचा बिनधास्त

इचारलं की. म्हणतंय, सहामाही बुडणार असंल तर आजच निघू.

औशाची बाई

मग ते २७ दिवसांचं त्याला सांगू नका.