मदत हवी आहे: आईला 'एट्रियल फिब्रिलेशन' सोप्या बोलीत कसं समजावू?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. आईच्या ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात. मनगटावर बोटं ठेवली की दोन ठोके लागोपाठ लागतात, मग खंड, मग एक अगदी हलका. कसलाच ताल नाही.

मला खरी काळजी गोळीची आहे. या आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर लकवा मारतो. म्हणून वॉरफेरिन ही रक्त पातळ करायची गोळी सुरू केलीय. पण धडधड थांबली की आई गोळी बंद करते. म्हणते, "मले काई नाई झालं, वावरातून चालत आली म्हून होते." आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा आहे, आणि तुरीच्या सोंगणीत तपासणीला जायचंच राहून जातं.

तिला न घाबरवता पटेल अशी दोन-चार वाक्यं सुचवा ना. वऱ्हाडीत असली तर फारच बरं. पालेभाज्या कमी-जास्त खाल्ल्या की गोळीचा परिणाम बदलतो, म्हणून पालक-मेथी बंद करायची नाही, पण दर आठवड्याला सारख्याच प्रमाणात खायची, हे थंडीत कसं जमवता तेही सांगा.

दात काढताना किंवा अंगदुखीची गोळी घेताना तिने डॉक्टरांना स्वतः सांगावं म्हणून हे पाठ करून घेतोय: "माह्या हृदयाचे ठोके अनियमित हायेत, रक्त पातळ करायची गोळी चालू हाये." यात अजून काय घालू?