मदत हवी आहे: रेशमी शर्टाने चट्टे, रेशमी दुलईने शिंका. ही रेशमाची ॲलर्जी म्हणायची का?

ओंजळ

घरातल्या एका व्यक्तीसाठी विचारते आहे. वय ३४, आजवर दम्याचं निदान नाही. नेमकं काय होतं ते लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज बांधावा लागणार नाही.

गडद निळा रेशमी शर्ट आहे, आतून पूर्ण अस्तर. चार-पाच तास घातला तरी त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मानेभोवती, काखेच्या कडांना आणि कोपराच्या खळग्यात लाल, खरखरीत, खाजरे चट्टे उठतात. आठवडाभर टिकतात, मग त्यांची सालपटं निघतात.

रेशीम भरलेल्या दुलईचं वेगळंच. ती पांघरली की पंधरा-वीस मिनिटांत शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं. पहाटे कोरडा खोकला येतो. अंगावर मात्र काही उठत नाही.

आणि पांढरा, बिनअस्तराचा रेशमी स्कार्फ दिवसभर गळ्याशी असला तरी काही त्रास नाही.

सेटिरिझिन (ॲलर्जीवरची गोळी) १० मिग्रॅ घेतल्यावर शिंका थांबतात, चट्टे जसेच्या तसे राहतात. ही रेशमाचीच ॲलर्जी का? कुठली तपासणी करावी? घरातलं सगळं रेशीम काढून टाकावं लागेल का?

---

पिंपळपान

आधी एक खात्री करा. दुलईखाली कधी छातीत घरघर, दम लागणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, चक्कर येणं असं झालं आहे का? झालं असेल तर "पुन्हा पांघरून बघू" हा प्रयोग घरी करायचा नाही. श्वासाचा त्रास आणि सूज एकदम आली तर गोळी देऊन वाट पाहत बसू नका. तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि रुग्णवाहिका लगेच बोलवावी लागते. माणसाला आडवं ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा, पण उठून चालू देऊ नका.

यातलं काही झालं नसलं तरी पहाटेचा खोकला साधा समजू नका. श्वासनळ्या आकसू लागल्याची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. स्पायरोमेट्री (नळीत जोराने फुंकून फुप्फुसांची ताकद मोजण्याची तपासणी) करून घ्या आणि दुलई आजच झोपायच्या खोलीतून बाहेर काढा, तपासण्या होईपर्यंत थांबू नका.

तुमच्या वर्णनात सगळ्यात मोलाचं काही असेल तर घड्याळ. काही मिनिटांत ते तासाभरात होतं ती तात्काळ ॲलर्जी, आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे होणारी. तिच्यात शिंका, अंगावर गांधी, कधी दमा. एक-दोन दिवसांनी उठून आठवडाभर राहतो तो संपर्कजन्य त्वचादाह. तो टी-पेशींमुळे (प्रतिकारशक्तीच्या पेशींमुळे) होतो, म्हणून सेटिरिझिन त्यावर चालत नाही. दोन्ही यंत्रणा वेगळ्या, तपासण्या वेगळ्या, कारणंही बहुतेक वेगळी. तुमच्याकडे दोन स्वतंत्र कोडी आहेत आणि दोन्हीकडे योगायोगाने रेशीम आहे, असं माझं मत. स्कार्फ चालतो, म्हणजे कातडीपुरतं तरी रेशमाच्या धाग्यावरचा संशय खूपच कमी होतो.

---

रंगाटी

शर्टाबद्दल. रेशमाला नावं ठेवण्याआधी अस्तर तपासा.

रेशमाचा धागा दोन भागांचा असतो. आत फायब्रोइन, वर सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर. कच्च्या रेशमाच्या वजनात साधारण २० ते ३० टक्के सेरिसिनच असतं. विणकाम आणि रंगकामासाठी रेशीम साबणाच्या गरम द्रावणात उकळून हा डिंक काढतात. म्हणून मऊ, चमकदार, रंगवलेल्या कापडात तो फारसा उरलेला नसतो. कडक, किंचित चिकट लागणाऱ्या कच्च्या रेशमात तो असतो.

अस्तर मात्र बऱ्याचदा पॉलिएस्टर किंवा ॲसिटेटचं असतं. या धाग्यांना डिस्पर्स रंग देतात. हे रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेले नसतात, घाम आणि घर्षणाने सुटून कातडीवर येतात. कपड्यांमुळे होणाऱ्या संपर्क-ॲलर्जीत वारंवार सापडणारी नावं म्हणजे डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४, आणि ती गडद निळ्या-काळ्या कापडातच जास्त असतात. खुद्द रेशमाला सहसा ॲसिड किंवा रिॲक्टिव्ह रंग देतात. काही गडद छटांत क्रोमियम किंवा कोबाल्ट असलेले रंग वापरतात, तेही कुणाकुणाला बाधतात.

कापड ओळखायला अस्तराच्या आणि बाहेरच्या कापडाच्या शिवणीतून दोन-दोन सेंटीमीटरचे धागे काढा. चिमट्यात धरून सिंकवर, खिडकी उघडी ठेवून जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, ज्योत हटवली की ते विझतं आणि काळी राख बोटात चुरली जाते. पॉलिएस्टर वितळून आकसतं आणि कडक मणी उरतो. ॲसिटेटही वितळतं, पण व्हिनेगरसारखा वास येतो; नखांचा रंग काढायच्या ॲसिटोनमध्ये ते विरघळतंही. "आर्ट सिल्क" म्हणून मिळणारं व्हिस्कोज कागदासारखं जळतं. आणि साटीन ही विणीची पद्धत आहे, धागा नव्हे. "सिल्क साटीन" अशा चिठ्ठीवरून आत काय आहे ते कळत नाही.

रंग सुटतो का तेही बघा. पांढरा सुती कपडा ओला करून अस्तरावर दहा-पंधरा वेळा दाबून घासा. डाग पडला तर घामातही रंग सुटणार हे नक्की. मात्र डाग पडला नाही म्हणून अस्तर निर्दोष ठरत नाही. ॲलर्जीला रंगाची अगदी थोडी मात्राही पुरते.

---

सावरी

चट्ट्यांच्या जागाही बोलक्या आहेत. काखेच्या कडांना चट्टे आणि मधला खोलगट भाग मोकळा असेल तर दोष कपड्याचा. मधोमध असतील तर डिओडरंटकडे बघा. फक्त गळ्यापाशी हूक किंवा धातूचं बटण टेकतं तिथेच असेल तर निकेल. त्यासाठी डायमिथाइलग्लायऑक्झिमची चाचणी-बाटली मिळते. कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकून धातूवर घासायचा, बोळा गुलाबी झाला की निकेल सुटतं आहे. जरीचा धागा तर नुसत्या टोचण्यानेही कातडी लाल करतो. ती ॲलर्जी नव्हे. कापड दूर केलं की ती लाली काही तासांत उतरते.

शर्टासाठी पॅच टेस्ट करावी लागेल. पाठीवर संशयित पदार्थांच्या चकत्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून पहिलं वाचन करतात, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी दुसरं. काही प्रतिक्रिया उशिरा येतात, त्यामुळे सातव्या दिवशी आणखी एकदा दाखवता आलं तर उत्तम. त्वचारोगतज्ज्ञांना नुसती नेहमीची मालिका न लावता कापडरंगांचीही लावायला सांगा, आणि शर्टाचे स्वतःचे तुकडे सोबत न्या. बाहेरचं कापड, अस्तर, गळपट्टीतलं ताठ कापड, प्रत्येकाचा दोन सेंटीमीटरचा चौकोन वेगवेगळ्या पाकिटात, वर नाव लिहून. न धुतलेलं कापड द्या. धुतल्यावर सुटा रंग निघून जातो आणि निकाल खोटा "नाही" येऊ शकतो. आधीचा आठवडाभर पाठीवर स्टिरॉइड मलम नको आणि ऊनही नको. चकत्या असेपर्यंत पाठ भिजू द्यायची नाही. सेटिरिझिन चालतं. पोटातून स्टिरॉइड चालू असेल तर तारीख ठरवतानाच डॉक्टरांना सांगा.

दुलईसाठी ही तपासणी निरुपयोगी. तिथे प्रिक टेस्ट (कातडीवर संशयित पदार्थाचा थेंब टाकून हलकं टोचणं) किंवा रक्तातली स्पेसिफिक आयजीई (त्याच पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडं). प्रिकचं वाचन १५-२० मिनिटांत होतं, ३ मिमी किंवा मोठी गांधी आली तर सकारात्मक धरतात. तिच्याआधी मात्र सेटिरिझिन साधारण आठवडाभर बंद हवं, नाहीतर निकालच येत नाही. रक्ततपासणीला गोळी थांबवावी लागत नाही. रेशमासोबत घरधुळीतल्या माइट्ससाठी (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) आणि झुरळासाठीही तपासायला सांगा.

---

ओंजळ

तिघांचेही आभार. घरघर, सूज कधीच नाही. दुलई काढली. धागे जाळून पाहिले: बाहेरच्याला केसांचा वास, राख चुरली. अस्तराचा काळा कडक मणी झाला, व्हिनेगरचा वास नाही. ओल्या कपड्यावर फिकट निळा डाग आला. काखेतला मधला भाग मोकळाच असतो.

दुलईच्या चिठ्ठीवर "१०० टक्के रेशीम, ॲलर्जीमुक्त" असं आहे. ती आठ वर्षं जुनी असून कधी धुतलेली नाही.

---

पिंपळपान

"ॲलर्जीमुक्त" या शब्दावर विसंबू नका. दुलईत लांब, उकळून डिंक काढलेले तंतू असू शकतात; तसंच आखूड तंतूंचं टाकाऊ रेशीमही असू शकतं, ज्यात सेरिसिन आणि कोशातल्या किड्याचे अवशेष राहतात. रेशीम भरलेल्या पांघरुणांमुळे रात्री दमा उसळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात १९८०च्या दशकापासून आहेत. रेशमाची खरी तात्काळ ॲलर्जी दिसते ती मुख्यतः इथे, आणि रेशीम-उद्योगात कोश, पतंगांचे खवले आणि कच्च्या धाग्याची धूळ हुंगणाऱ्या कामगारांत.

पण आठ वर्षं न धुतलेली दुलई म्हणजे माइट्सचं वारूळ, हा संशय तितकाच दाट. लक्षणांवरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून दोन्हींची तपासणी. झुरळ सुचवलं तेही बरोबर. रेशीमकिड्यातलं आर्जिनिन कायनेज हे प्रथिन झुरळातल्या तशाच प्रथिनाशी मिळतंजुळतं आहे, त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याची दुसऱ्याची तपासणीही सकारात्मक येऊ शकते.

फक्त माइट्स निघाले तर: माइट्स मारायला ६० अंशांचं पाणी लागतं, रेशीम ते सहन करत नाही. म्हणून ही दुलई जाऊ द्या आणि ६० अंशांत धुता येणारी आणा. गादी-उशीला १० मायक्रॉनपेक्षा बारीक छिद्रांची माइटरोधक खोळ, खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली. रेशीम निघालं तर: भरावाचं रेशीम आणि कच्चं रेशीम कायमचं बंद. विणलेल्या, डिंक काढलेल्या कापडाबद्दल ॲलर्जीतज्ज्ञांसमोर ठरवा.

---

आडवाट

शर्ट घरीच साबण-सोड्यात उकळून काढला तर? डिंकही जाईल आणि रंगही.

---

रंगाटी

कृपया करू नका. रंगवलेल्या रेशमातला डिंक आधीच गेलेला असतो. सोड्याने फायब्रोइन कमकुवत होतं, चमक जाते, शिवणी आकसतात. आणि पॉलिएस्टरमधला डिस्पर्स रंग असा पूर्ण निघत नाही, थोडा थोडा सुटतच राहतो.

सरळ उपाय म्हणजे अस्तर उसवून न रंगवलेलं, दोनदा धुतलेलं पांढरं सुती अस्तर लावा. गळपट्टी आणि बाह्यांच्या आतलंही बदला, तिथेच चट्टे येतात. शिंप्याला सुरकुतीरोधक प्रक्रियेचं कापड नको असं बजावा. त्या प्रक्रियेतल्या राळेतून फॉर्माल्डिहाइड सुटू शकतं आणि मग तेच कोडं नव्याने सुरू होतं. पॅच टेस्टचे तुकडे कापल्यानंतरच हे काम काढा. नुसता आत सुती बनियन घालून भागत नाही. घाम झिरपला की रंग त्यातूनही कातडीपर्यंत पोचतो.

धुताना ३० अंशांपर्यंतचं पाणी, सौम्य द्रव साबण, तीनदा विसळणं. एन्झाइमवाली पावडर नको. तिच्यातलं प्रोटीएझ प्रथिनं पचवतं आणि रेशीम हे प्रथिनच आहे. ड्रायक्लीन करून आणलेला कपडा प्लॅस्टिकमधून काढून दोन-तीन दिवस हवेवर टांगा, उरलेल्या द्रावकानेही कातडी आणि डोळे चुरचुरतात. कपाटातल्या डांबरगोळ्यांनी नाक-डोळे झोंबतात, तेही रेशमाच्या नावावर खपतं.

---

ओंजळ

शेवटचे दोन प्रश्न. आत्ता चट्टे आहेत त्यांना काय लावू? आणि घरातल्या लहान मुलाला एक्झिमा आहे, त्याच्यासाठी रेशमी आतले कपडे सुचवले गेले आहेत. घ्यावेत का?

---

सावरी

मानेवर १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन, पातळ थर, दिवसातून दोनदा, पाच ते सात दिवस. मोजायला सोपं माप: ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. पापण्यांवर स्वतःहून लावू नका. बिनसुगंधी मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चार वेळा. पू, पिवळी खपली किंवा ताप आला तर संसर्ग, मग मलम न लावता डॉक्टरांना दाखवा.

एक्झिमासाठीचे औषधी रेशमी कपडे सेरिसिन काढलेले असतात. ब्रिटनमध्ये ३०० मुलांवर त्यांची यादृच्छिक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे कपडे दिल्याने एक्झिमात जास्त सुधारणा दिसली नाही. मऊ सुती कपडे आणि नियमित मॉइश्चरायझर यांवर भर द्या.

मोठ्या व्यक्तीच्या तपासणीत रेशीमच निघालं तर शाम्पू, क्रीम, काजळ यांच्या वेष्टनावर सेरिसिन, हायड्रोलाइझ्ड सिल्क, सिल्क अमिनो ॲसिड्स, सिल्क पावडर ही नावं शोधा. दात साफ करायचा रेशमी फ्लॉसही टाळा. शस्त्रक्रियेआधी सर्जनना सांगा, टाक्यांसाठी नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा धागा वापरता येतो. डिस्पर्स रंग निघाले तर केस रंगवण्याआधी पीपीडीचीही (केसांच्या रंगातलं एक रसायन) पॅच टेस्ट पाहून घ्या, त्यांतल्या काही ॲझो गटातल्या रंगांची ॲलर्जी असलेल्यांना पीपीडीही बाधतं.

---

ओंजळ

तुकडे कापून तीन पाकिटांत भरले, नावं लिहिली. शर्ट धुतलेला नाही. पॅच टेस्टची वेळ सोमवारची घेतली, म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि पुढचा सोमवार अशी वाचनं होतील. मानेवरचं मलम चालू केलं आहे, पाठीवर काही लावणार नाही. रेशीम आणि माइट्सची आयजीई तपासणी, स्पायरोमेट्री त्याच आठवड्यात. निकाल इथेच लिहीन.

---

पिंपळपान

झुरळही लिहून घ्या. आणि दुलई फेकण्याआधी तिच्या भरावाची चिमूटभर वेगळ्या झिपपिशवीत ठेवा. रेशमाचा तयार अर्क नसेल तर ॲलर्जीतज्ज्ञ तिचा अर्क करून प्रिक टेस्ट करू शकतात. पिशवी घरी उघडू नका.