अनुभव धागा: टेस्टिंगसाठी बिगचेनडीबीचा नोड कंटेनरमध्ये कोणी चालवलाय?

कृष्णाकाठ:
आज ऑफिसात नव्या मुलीने विचारलं, "सर, ब्लॉकचेनचा डेटाबेस असतो का हो?" आणि सांगलीतलं जुनं काम आठवलं. हळदीच्या लॉटचा माग ठेवायचा होता. लॉट आला की क्रिएट (नवी नोंद), व्यापाऱ्याकडे गेला की ट्रान्सफर (मालक बदलल्याची नोंद). त्यासाठी वापरला बिगचेनडीबी, म्हणजे ब्लॉकचेनचे गुण असलेला डेटाबेस; तो २०१६ साली बर्लिनमधून आला. आवृत्ती २.० पासून प्रत्येक नोडला (जाळ्यातल्या एकेका सर्व्हरला) डेटा साठवायला स्वतःचा मोंगोडीबी, आणि पुढचा ब्लॉक कोणता यावर नोडांचं एकमत करायचं काम टेंडरमिंटकडे. डॉकरच्या ऑल-इन-वन इमेजमध्ये (तयार साच्यात) हे सगळं एकाच कंटेनरात, म्हणजे यंत्रावरच्या एका वेगळ्या डब्यात. डॉकर रन मारायचं, ब्राउझरमध्ये पोर्ट ९९८४ उघडायचं, जेसन (नोडचं मजकुरातलं उत्तर) दिसला की लागा कामाला. नोंद पुसता येत नाही, पण अख्खा नोड उडवून दोन मिनिटांत कोरा उभा करता येतो. शिकायला याहून चांगली सोय नाही. तुमचे अनुभव लिहा.

निशिगंधा:
व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर साठवलेला डेटा) पुसताना मोंगो आणि टेंडरमिंट दोन्हीचे पुसा रे! आमच्याकडे साफसफाईच्या स्क्रिप्टमध्ये फक्त टेंडरमिंटचा फोल्डर होता. मोंगोत जुने ब्लॉक, टेंडरमिंट शून्यावर. दोघांचं जुळेना आणि नोड काही उभा राहीना. कुकर लावलाय, बाकीचं नंतर.

भटक्या_कोडर:
माझ्या टेस्ट कधी पास, कधी फेल. व्यवहार पाठवला की २०२ येतो, लगेच वाचायला गेलं की ४०४ (सापडला नाही). कुणाला झालंय असं?

सुमेधाताई:
अरे, तू असिंक मोडमध्ये, म्हणजे ब्लॉकची वाट न बघता पाठवतोयस. २०२ म्हणजे फक्त स्वीकारला, ब्लॉकमध्ये गेला असं नाही. मोड=कमिट लाव, मग ब्लॉकमध्ये गेल्यावरच उत्तर येतं. स्लीप टाकून टेस्ट हिरव्या करू नकोस, ते मला अजिबात पटत नाही.

वसमतकर:
हळद म्हटलं की आलोच! सांगलीत राजापुरीच का? आमच्याकडेही मोठा बाजार भरतो.

कृष्णाकाठ:
हो, राजापुरीच. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं.

दर्यावर्दी:
क्लाउडवर चालवत असाल तर मोंगोचा पोर्ट २७०१७ सगळ्या जगाला उघडा ठेवू नका. यूएफडब्ल्यूने (लिनक्सच्या फायरवॉलने) बंद केलाय म्हणून निर्धास्त राहू नका, डॉकर त्याच्या खालच्या आयपीटेबल्समध्ये आपले नियम थेट घालतं. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (फक्त हेच यंत्र) लिहा. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्ड नसलेले हजारो मोंगो पुसून खंडणी मागितली होती, लक्षात असेल.

मध्यरात्र:
एका नोडवर एपीआय तपासता येतं, एकमत नाही. त्यासाठी किमान चार उभे करा. आम्ही चारातला एक थांबवला, गाडी चालूच. दुसरा थांबवला आणि टेंडरमिंटच्या पोर्ट २६६५७ वर स्टेटस बघत बसलो: ब्लॉकची उंची जागच्या जागी. दोनतृतीयांशांहून जास्त मतं लागतात हे वाचलेलं होतं, त्या दिवशी दिसलं. एक परत सुरू केल्यावर आकडा हलला तेव्हा सगळी टीम ओरडली.

निशिगंधा:
वा! आले परत. वसमतकर, घरची हळद कुरिअरने मिळेल का हो? इथे बंगळुरात मनासारखी मिळत नाही.

वसमतकर:
पाठवतो की ताई. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भटक्या_कोडर:
सुमेधाताई, कमिट लावलं, सगळ्या पास! आता लाइट जायच्या आत पुश करतो.