मखर आमच्या गॅरेजमधून हलवायचंय, शनिवारच्या आत

माजी सचिव, ३ ऑक्टोबर २०२३
मंडळी, मखर, दोन ढोल आणि साड्यांचे चार खोके न्यायला कोण येतंय? आमची २०१३ची ह्युंदाई एलान्ट्रा रिकॉलमध्ये निघाली, म्हणजे आगीच्या धोक्यामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावली. ह्युंदाई आणि किआ मिळून ३३ लाखांवर गाड्या आहेत, तुमचीही असेल. पत्राची वाट बघू नका. ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली १७ अक्षर-आकड्यांचा व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक असतो, तो एनएचटीएसएच्या (अमेरिकी वाहन सुरक्षा खात्याच्या) साइटवर टाका. आम्ही काल रात्री टॉर्च लावून वाचला. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उघड्यावर, घरापासून लांब लावा असं कंपनीच सांगतेय.

सजावट समिती
वहिनी, गाडी बाहेर काढली की झालं, मखर कशाला? गेल्या वर्षी हलवताना उजवा खांब मोडला होता. आणि सामान कुठे ठेवायचं हे समितीला विचारून ठरावं.

माजी सचिव
विचारण्यासाठीच मेल टाकली ना! एचओए, म्हणजे आमची घरमालकांची सोसायटी, रात्री रस्त्यावर गाडी ठेवू देत नाही. ड्राइव्हवेत लावली तर बॉनेट दारापासून चार फुटांवर, आणि दारामागे सगळं थर्माकोल.

ढोल पथक
बंद गाडीला आग कशी लागेल? किल्ली काढली की करंट बंद.

बोल्टवाले काका
नाही हो. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्यूलमध्ये ब्रेक फ्लुइड आतल्या आत गळतं आणि शॉर्ट सर्किट होतं. गाडी उभी असतानाही पेट घेऊ शकते. डीलर फ्यूज बदलून देणार, फुकट.

ढोल पथक
फ्यूज बदलून गळती थांबते?

बोल्टवाले काका
गळती नाही थांबत, जादा करंट थांबतो. २०२१मध्ये आमच्या बोल्टची, म्हणजे शेव्हरोलेच्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी अशीच आगीच्या भीतीने रिकॉलमध्ये होती. दुसऱ्या गाड्यांपासून ५० फूट लांब लावा, ९० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, ७० मैलांच्या खाली उतरू देऊ नका, असं सगळं सांगितलं होतं. आमचा डीलर म्हणाला, काही होत नाही. मी ऐकलं नाही. हिवाळाभर गाडी लांब लावून बर्फातून चालत घरी यायचो. तुम्हीही कुणाचं ऐकू नका.

बालवर्ग
वहिनी, मखराचं नंतर बघू. गॅरेजवरच्या खोलीत आजी झोपतात ना?

माजी सचिव
हो. कालच त्यांना खाली आणलं. अंथरूण, जपमाळ, पाण्याचा तांब्या, सगळं दिवाणखान्यात. मला रात्रभर झोप नाही. डीलर फ्यूजची तारीखच देत नाहीये.

खजिनदार
आमच्याकडे गेस्ट पार्किंगचा पास पडून आहे. आज आठपर्यंत गाडी आणा, मागच्या कुंपणाजवळ लावू, इमारत तिथून बरीच लांब आहे. दुरुस्तीपर्यंत राहू दे. कोजागरीच्या दुधाचे आकडे अजून नऊच घरांचे आलेत.

माजी सचिव
आठला पोचतो. आमचे पाच धरा.

सजावट समिती
मग मखर हलवायला नको. पण मागची कमान वॉटर हीटरला टेकून ठेवली होती असं आठवतं. शनिवारी दहाला येऊन तेवढी सरकवतो.