चर्चा: सामाजिक उपक्रम आखायला टूलकिट खरंच कामी येतं का?

धागाकर्ती
चांगली कल्पना सुचली की आपण लगेच उपायाच्या मागे धावतो. कुणासाठी, कशामुळे, हे मागाहून बघतो. म्हणून मी टूलकिटच्या, म्हणजे आखणीसाठी तयार तक्त्यांच्या संचाच्या बाजूची. नेस्टा या ब्रिटिश संस्थेचं 'डीआयवाय' नावाचं टूलकिट २०१४ मध्ये आलं. त्यात ३० साधनं आहेत. त्यातला 'थिअरी ऑफ चेंज'चा, म्हणजे बदल कसा घडेल हे मांडायचा तक्ता मला सर्वांत मोलाचा वाटतो. समस्येपासून दूरच्या बदलापर्यंत पायऱ्या लिहायच्या आणि प्रत्येकीखाली आपण काय गृहीत धरलंय तेही लिहायचं. ही गृहीतकांची ओळ भरताना मी दोन कल्पना स्वतःहून सोडून दिल्या आहेत.

मुक्काम
माझा स्पष्ट विरोध. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या मुलींसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग काढायचा म्हणून आम्ही दोन दिवस कार्यशाळेत तक्ते भरले. सगळे रकाने भरले, भिंत चिठ्ठ्यांनी भरली. पहिल्या आठवड्यात तीनच मुली आल्या. संध्याकाळी त्यांना धाकटी भावंडं सांभाळावी लागायची. कोणत्याही एका घरी आधी चहाला गेलो असतो तर हे कळलं असतं. तक्ता भरल्यावर वाटतं की विचार झाला. हे समाधानच घातक आहे.

धागाकर्ती
पण 'मुली संध्याकाळी मोकळ्या असतात' हे गृहीतकांच्या ओळीत आलं होतं का? प्लेपंपचं उदाहरण घ्या. मुलांनी चक्री फिरवायची आणि विहिरीचं पाणी वर यायचं. २०१० पर्यंत आफ्रिकेत ४,००० पंप बसवायचे ठरले होते. ठरलेला पाणीपुरवठा साधायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल, असा हिशेब २००९ मध्ये गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्रात आला. प्रत्यक्षात बायकांनाच चक्री ढकलत बसावं लागलं. 'मुलं पुरेसं खेळतील' हे वाक्य कागदावर लिहून कुणी गुणाकार केला असता तर?

मुक्काम
याच पंपाला २००० मध्ये जागतिक बँकेच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. म्हणजे कागद जाणकारांनी तपासलाच होता. त्या बायकांना मात्र कुणी विचारलं नाही.

पायवाट
दोघांच्या मधे पडते. हत्यार कुठून आलं तेही बघावं. 'पाच वेळा का', म्हणजे प्रत्येक उत्तरावर पुन्हा 'का' विचारत मुळाशी जायचं, ही पद्धत टोयोटाच्या कारखान्यातली. तिथे बिघाडामागे एकेक कारण सरळ सापडत जातं. मूल शाळेत का येत नाही, याला मात्र फाटे फुटतात. शिक्षकाला विचाराल तर पाचवं उत्तर 'पालकांना आस्था नाही', पालकांना विचाराल तर 'शाळेत काही शिकवत नाहीत'. म्हणून आम्ही एकच तक्ता दोन गटांकडून वेगवेगळा भरून घेतो आणि जुळत नाही तिथूनच काम सुरू करतो.

धागाकर्ती
हे मला पटलं. गृहीतकाच्या ओळीशेजारी आणखी एक रकाना आखते: हे कुणाला विचारलं, कधी विचारलं. तो रिकामा असेल तर पुढची पायरी लिहायची नाही.

मुक्काम
त्या रकान्याला माझी हरकत नाही. पण निधी देणारे तोही अर्जाचा भाग करतील आणि मग तोही कार्यालयात बसूनच भरला जाईल, ही भीती आहे. १९६९ मध्ये यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदतसंस्थेसाठी तयार झालेल्या लॉगफ्रेममध्येही, म्हणजे प्रकल्प आखायच्या तक्त्यातही, गृहीतकांचा स्तंभ होता. मी पाहिलेल्या अर्जांत तो शेवटच्या रात्री भरलेला असतो.