चाळीस हजार माणसांची कॉन्सर्ट की दोनशे माणसांची मैफल?

मांडवीकाठचा
परवा इथंच एका सद्गृहस्थांनी लिहिलं की गोव्यात कॉन्सर्ट होतच नाहीत. जानेवारी 2025 मध्ये ते नवी मुंबईला कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड ऐकून आले आणि त्यांचा निष्कर्ष असा: समोर निदान चाळीस हजार माणसं नसतील तर ती कॉन्सर्ट नव्हे, ते 'घरगुती भजन'. खाली लोकांनी बदामांचा पाऊस पाडला. मी गप्प बसायचं ठरवलं होतं, पण ते 'घरगुती भजन' काही पचेना.

बाबा रे, तू तिथं ऐकलंस काय? स्टेजवरचा गायक अंगठ्याएवढा दिसतो, म्हणून तू बघितलास तो पडदा. आवाज ऐकलास तो स्पीकरचा, त्यातही अर्धा शेजारच्या पोराच्या किंचाळण्याचा. मनगटाला लुकलुकणारा पट्टा बांधून देतात, म्हणजे रोषणाईसुद्धा तूच, आणि वर तिकीटही तूच काढायचं!

जुन्या गोव्याला मोंतच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, होणारा संगीत महोत्सव कधी गाठून बघ. टेकडीवर ते कपेल, खाली चर्चचे कळस आणि मांडवी. कॉयर, म्हणजे गायकवृंद, माइकशिवाय गातो, आणि गाणाऱ्यांनी श्वास कुठे घेतला ते मागच्या बाकापर्यंत कळतं. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. तो गळा स्टेडियमात तयार झाला नव्हता. समोर बसलेल्या चार जाणत्या माणसांच्या धाकाने तयार झाला होता.

पहिल्या_रांगेतला
सद्गृहस्थ हजर आहे.

काका, मला संगीत कळत नाही म्हणा, मान्य. पण मला मजा आली नाही हे तुम्ही पणजीत बसून कसं ठरवलंत? चाळीस हजार माणसं एकाच ओळीला एकत्र तोंड उघडतात तेव्हा अंगावर काटा येतो. तो खोटा होता का?

आणि तुमच्या दोनशेंच्या मैफलीला मी आलोय. तिथे शिंकायची चोरी. खुर्ची करकरली तरी पुढचे काका वळून बघतात. मी एकदा चुकीच्या मात्रेला मान हलवली, तर शेजारच्या गृहस्थांनी मांडीवर ताल धरून मला सम दाखवली. ऐकायला आलोय की तोंडी परीक्षेला?

बाकी, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात तुमच्या पिढीने हजारोंनी बसून ऐकलं, ते चालतं. आम्ही गेलो की मात्र ती गर्दी.

डिचोलीचा मास्तर
सवाईचं नाव काढलंत म्हणून लिहितो. 1953 पासूनचा तो महोत्सव. आम्ही घोंगडी घेऊन जायचो, रात्रभर बसायचो, पहाटे भीमसेनजी बसायचे. माणसं हजारो, पण तानपुरे जुळत असताना चिडीचूप. गर्दीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती गायकाला पाठ करून स्वतःचा फोटो काढणाऱ्यांना.

आणि 'घरगुती भजन' ही शिवी म्हणून वापरण्याआधी वास्कोच्या दामोदर सप्ताहाला जाऊन या. श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. आत टाळ-पखवाजावर चोवीस तास अखंड भजन चालतं, बाहेर रस्ते माणसांनी भरलेले असतात. शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. तुमच्या कोल्डप्लेवाल्यांना चोवीस तास गायला सांगा.

पहिल्या_रांगेतला
म्हणजे मास्तर, गर्दीतच मजा आहे असं तुम्हीच म्हणताय. आभारी आहे.

डिचोलीचा मास्तर
मी तसं म्हटलेलं नाही. नीट वाचावं.

साऊंडवाला फोंडा
दोघांचंही चुकतंय. मिक्सरमागे केस पांढरे झाले म्हणून सांगतो.

मैदान: आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. तू शंभर मीटर मागे उभा असलास तर स्टेजवरचा ठोका तुझ्यापर्यंत यायला 0.3 सेकंद लागतात. ड्रमरचा हात आधी खाली येतो, आवाज मागून. म्हणून मैदानात मध्येच स्पीकरचे टॉवर उभे करतात आणि त्यांना मोजून उशीर देतात, म्हणजे पुढचा आणि मधला आवाज एकदम कानात शिरतो. हे नीट केलं तर मागच्या माणसालाही शब्द न् शब्द कळतो. पैसे वाचवायला टॉवर काढले की संपलं. पण मैदानाचा एक फायदा आहे: आवाज आपटून परत यायला भिंती नाहीत.

छोटा हॉल म्हणजे आपोआप गोड, हा काकांचा भ्रम. आपल्याकडचे निम्मे हॉल लग्नासाठी बांधलेले: खाली टाइल्स, बाजूला काचा, वर पत्रा. बास कोपऱ्यात जाऊन साचतो, टाळी दोनदा ऐकू येते. कपेलात आवाज रेंगाळतो म्हणून कॉयर सुंदर लागतो. त्याच कपेलात तबला द्रुत लयीत घाला, बोल एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट.

आणि खरं दुखणं जागेचं नाहीच. मला साऊंडचेकला वेळ कोणी देत नाही. चारला हॉल मिळायचा तो साडेपाचला मिळतो, कारण स्टेजवर बॅनर लावणारे, समई पुसणारे, शाली मोजणारे. गायिका आली की तिला म्हणतात, बाई, आता नको, पाहुणे पोचले.

साखळीची सून
शालींचा विषय काढलात, देव बरें करूं! मी कोल्हापूरकडची, लग्न होऊन इकडे आले. माहेरी हा आजार आहेच, पण इथे तो विकोपाला गेलाय.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका सभागृहात गेलो. हॉलचं नाव घेत नाही, उद्या तिथेच मुलीचं गॅदरिंग आहे. पत्रिकेवर वेळ सहा. पाहुणे सात वीसला आले. समई पेटवली. पंख्याने विझली. पंखा बंद करून परत पेटवली. मग व्यासपीठावरच्या प्रत्येकाला पुष्पगुच्छ, मग ज्यांनी पुष्पगुच्छ दिले त्यांचाही सत्कार. एका गृहस्थांनी 'मला गाण्यातलं काही कळत नाही' अशी सुरुवात करून वीस मिनिटं गाण्यावर बोलून दाखवलं. बाई गायला बसल्या तेव्हा पावणेनऊ. विलंबित ख्याल कुठे रंगात येतोय तोवर विंगेतून एक हात घड्याळ दाखवू लागला. मध्यंतर रद्द, ठुमरी रद्द, थेट भैरवी. पाच तास गाडीतून आलेली बाई तासभर गायली.

छोट्या हॉलची ही तऱ्हा. कोल्डप्लेवाल्यांना निदान कोणी शाल घातली नसेल.

आयोजक म्हणून बोलतो
ताई, हसायला सोपं आहे. दोनशे खुर्च्यांच्या तिकिटांतून हॉलचं भाडं निघत नाही. कलाकाराचं मानधन, साथीदार, राहणं, गाडी हे सगळं वेगळंच. ज्याने पैसे दिले त्याला व्यासपीठावर बसवायचं नाही तर कुठे? सत्कार बंद करा म्हणता, तर तिकीट दोन हजारांचं घ्याल का? पन्नास रुपयांच्या तिकिटालासुद्धा 'पास मिळेल का' असे फोन येतात.

साखळीची सून
बसवा की, पहिल्या रांगेत. माइक कशाला देता?

गावचो नाटकी
आणि ते विंगेतलं घड्याळ कशासाठी, हे विचारा. दहाचा नियम! 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद.

साऊंडवाला फोंडा
तो नियम बंद सभागृहाला नाही. ऑडिटोरियम, कम्युनिटी हॉल यांना सूट आहे, फक्त आवाज बाहेर जाता कामा नये. ताईंच्या हॉलमध्ये दहाला घाई होते ती भाड्याची वेळ संपते म्हणून, आणि वॉचमन चाव्या वाजवायला लागतो म्हणून.

गावचो नाटकी
बरं, हॉलला सूट. मग आम्ही काय करायचं? आमच्या जत्रेत पालखी आल्याशिवाय नाटक सुरू होत नाही. पालखी यायला अकरा-साडेअकरा. सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकतं. बाराला तर आमची तिसरी घंटा होते! पिढ्यान्‌पिढ्या उजाडेपर्यंत चाललेली नाटकं आता अर्ध्या अंकात आवरायची, आणि किनाऱ्यावर पहाटेपर्यंत धडाम् धडाम्. देवळापुढे पेटी-तबला वाजला की प्रदूषण, आणि तिकडे वाजतं ते पर्यटन.

हणजूणचा रहिवासी
किनाऱ्यावर पहाटेपर्यंत चालतं, आणि त्या किनाऱ्यावर मी राहतो. कोणी मजा म्हणून बोलू नये.

रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. माझ्या बेडरूममध्ये रात्री दोन वाजता खिडकीच्या काचा थरथरतात. आई 80 वर्षांची. तक्रारीचा फोन केला तर पलीकडून विचारतात, आवाज नेमका कुठून येतोय ते सांगा. मी काय अंधारात कान लावत फिरू?

मोठी कॉन्सर्ट म्हणजे काय ते आत उभं राहून कळत नाही, कुंपणाबाहेर झोपायचा प्रयत्न केला की कळतं. सनबर्न, तो डान्स म्युझिकचा मोठा महोत्सव, 2007 ला कांदोळीला सुरू झालं, मग वागातोर, 2016 ला पुण्याला गेलं, फिरून परत आलं, डिसेंबर 2024 मध्ये धारगळला. तिथेही लोक विरोधात उभे राहिले, प्रकरण कोर्टात गेलं. प्रत्येक गावाला ते शेजारच्या गावात हवं असतं.

पहिल्या_रांगेतला
तो तीन दिवसांचा महोत्सव होता. तुमच्या काचा वर्षभर थरथरतात त्या क्लबांमुळे. दोन्हींची मोट बांधू नका. आणि त्या गर्दीवर टॅक्सी, खोल्या, शॅक कोणाच्या चालतात? बहुधा हणजूणकरांच्याच.

हणजूणचा रहिवासी
माझं घर आजोबांनी बांधलंय, मी एकही खोली भाड्याने देत नाही. न ओळखता तोंडाला येईल ते लिहू नकोस. शब्द मागे घे.

पहिल्या_रांगेतला
तुमच्यापुरता घेतला. शेजाऱ्यांचं तुम्ही बघा.

मांडवीकाठचा
अरे, मी गाण्याबद्दल लिहिलं होतं. तुम्ही धागा कुठे नेलात!

आडोशाची नात
गाण्याबद्दलच लिहिते, पण काकांना आवडणार नाही.

'समोर बसलेली चार जाणती माणसं' कोण असायची ते सांगा ना. भाटकार म्हणजे जमीनदार, त्याचे पाहुणे, त्याने बोलावलेले लोक. माझी आजी त्याच घरात धुणीभांडी करायची. ओसरीवर गाणं रंगायचं तेव्हा ती मागच्या दारी विहिरीपाशी ऐकत उभी असायची. आत बसायची सोय नव्हती. आणि जी गात होती ती कलावंतीण. तिच्या गळ्याला मान होता, तिच्या पंगतीला बसायला कोण तयार होतं? केसरबाई, मोगूबाई यांचा आज अभिमान मिरवतो आपण. तेव्हा?

पणजीत कांपालला कला अकादमी झाली, चार्ल्स कोरियांची ती इमारत. आजी तिकीट काढून दीनानाथ मंगेशकर सभागृहात खुर्चीवर बसली. शेजारी कोण होतं तिला ठाऊक नव्हतं, आणि त्यालाही ती कोण ते ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ते सभागृह स्टेडियमच होतं. तुमच्या मैफलीचा गोडवा खरा असेल, पण दार लहान होतं म्हणून तो गोड वाटायचा.

डिचोलीचा मास्तर
बाय, यावर मला उत्तर नाही, आणि असतं तरी दिलं नसतं. फक्त एवढंच: कोल्डप्लेचं तिकीट अडीच हजारांपासून पुढे होतं. दार तिथेही लहानच, फक्त चौकटीवर नाव पैशाचं.

मांडवीकाठचा
मी भाटकारांची वकिली करत नाहीये. दोनशे माणसं तिकीट काढून बसली तर कोणाची ओसरी होते ती? अकादमीचं म्हणाल तर जुनी आठवण काढू नका. जुलै 2023 मध्ये नूतनीकरण चालू असतानाच खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं. छोट्यात रमणाऱ्यांना छोटं मिळेना आणि मोठ्याला स्टेडियम आहे, तिथे सरकारी सोहळे.

तियात्राचा चाहता
तुम्ही सगळे फारच गंभीर. मडगावला रवींद्र भवनात तियात्राला, आपल्या कोंकणी संगीत नाटकाला, या. कांतार म्हणजे त्यातलं गाणं संपलं की लोक टाळ्या-शिट्ट्या थांबवत नाहीत, गायकाला पुढचं कडवं घेऊन परत यावंच लागतं. मंत्र्यावरचं कांतार असेल तर दोनदा. ना चाळीस हजार, ना चिडीचूप.

साखळीची सून
मंत्र्यावरचं कांतार मंत्र्यासमोर होतं? मग आमच्याकडेही सत्काराऐवजी तेच ठेवा.

पहिल्या_रांगेतला
ठीक आहे, मोंतला येतो यंदा. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकेन. पण कोणी माझ्या मांडीवर ताल धरायचा नाही. साऊंडवाले, तुम्ही शेवटचं सांगा, पैसे कुठल्या जागेला टाकायचे?

साऊंडवाला फोंडा
मैदान असो की हॉल, मिक्सर जिथे मांडलाय त्याच्या मागे उभा राहा. मी आवाज बसवतो तो माझ्या कानाला, म्हणजे त्या जागेला. पहिल्या रांगेत तुला फक्त जवळचा स्पीकर ऐकू येतो. तुझं नावच चुकलंय.

मांडवीकाठचा
तिथे नेहमी आयोजकांचे पाहुणे बसलेले असतात.

साखळीची सून
सत्कार झाला की ते उठून जातात. पावणेनऊनंतर या.